मोकळी सोडलेली पट्टी

वर्धेला लागूनच्या सिंदी मेघेत आमच्या घराच्या फाटकावर माझ्या क्लासची पाटी आहे. आधी तिच्यावर ‘हार्मोनियम व कीबोर्ड’ एवढंच होतं. ऑर्केस्ट्रा सोडल्यावर मी पेंटरला बोलावलं आणि खाली एक ओळ वाढवून घेतली, ‘कॉर्ड्ससुद्धा शिकवू.’ आठवडा उलटला नाही तोच एक गृहस्थ फाटकाशी येऊन उभे राहिले. संगीताचे जाणकार, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. म्हणाले, “बाई, ते खालचं पुसून टाका. आपल्या संगीतात ते नाही. मुलांचे कान बिघडतात.”

मी म्हटलं, “आणि पेटी कुठून आली हो आपल्या संगीतात? वर्धेच्या बाजारात पिकली का?”

ते गेले. ओळ आहे तिथेच आहे. उन्हानं फिकी पडली होती, म्हणून मागच्या महिन्यात तिच्यावर पुन्हा रंग मारून घेतला, आणि या खेपेला अक्षरं मोठी काढायला लावली.

हे आधीच सांगून टाकते, कारण दिवाळी अंकवाल्यांनी मला ‘माझी संगीतसेवा’ लिहायला सांगितलंय. सेवा-बिवा मी काही केली नाही बाप्पा. लग्नांत, गणपतीत, दुर्गा उत्सवात कीबोर्ड वाजवला, आयुष्यभर. त्यावर घर चाललं, दोन्ही पोट्टे शिकले. मंडपवाल्याला कुणी ‘तुमची मंडपसेवा’ म्हणत नाही, मग मलाच काऊन?

ऑर्केस्ट्रात शिरले तेव्हा पेटीच्या परीक्षा दिलेल्या होत्या आणि त्याचा जरा ताठाही होता. पेटीवाल्याला एक गोष्ट हाडीमाशी खिळवतात, ती म्हणजे गाणाऱ्याच्या मागे जा. तो वर गेला की वर, खाली आला की खाली. पहिल्या तालमीत मी तेच केलं, अगदी मन लावून. आमचे गिटारवाले बबलूभाऊ, सगळ्यांत जुने, त्यांनी हात वर करून गाणं थांबवलं.

“ताई, गानारा तं गाऊनच राह्यला ना? मंग तू काऊन त्याच्या मागं मागं पळून राह्यली?”

“मग काय करू?”

“त्याले उभं राहाले जागा दे.”

मला काडीचं कळलं नाही. रागही आला, कारण बबलूभाऊंनी एकही परीक्षा दिलेली नव्हती आणि मी दिलेल्या होत्या. मग त्यांनी माझी तीन बोटं धरून तीन पट्ट्यांवर ठेवली आणि म्हणाले, “दाब. आता हलू नको.” गाणारा गायला लागला. माझ्या तीन बोटांवर तो आवाज असा आरामात बसला की मी वाजवायचं सोडून त्याच्याकडे बघतच राहिले.

घरी पेटी असेल तर तुम्हीही करून बघा. पहिल्या पांढऱ्या पट्टीवर एक बोट ठेवा. शेजारची पांढरी सोडा, तिच्या पुढचीवर दुसरं बोट. पुन्हा एक सोडा, पुढचीवर तिसरं. तिन्ही एकदम दाबा. सा, ग, प. झाली कॉर्ड. हीच युक्ती सहाव्या पांढऱ्या पट्टीपासून करा. मोजणी तीच, एक सोडून एक, पण आवाज पडतो, घरात कुणीतरी रुसून बसल्यासारखा. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजल्या तर दिसेल की मधलं बोट पहिल्याच्या एका पट्टीनं जवळ आलंय. फरक तेवढाच.

आता कुणीतरी ग गातोय असं समजा. खाली सा-ग-प धरली तर तो ग पाय पसरून घरात बसतो. त्याच ग च्या खाली ती दुसरी, पडलेली कॉर्ड धरा. गाणाऱ्यानं काहीच बदललेलं नाही, पण ऐकणाऱ्याला तोच ग उदास वाटतो. निरनिराळे सूर एकाच वेळी वाजावेत आणि त्यांचं आपसात पटावं, याला हार्मनी म्हणतात. शब्द इंग्रजी आहे, मान्य. कान मात्र इथलेच आहेत.

आणि हेही लिहिते, नाहीतर सदरेवाले पुन्हा येतील. रागाच्या गाण्यात हे चालत नाही. गाणारा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत, रेंगाळत जातो, तिथे मधेच कॉर्ड मारली तर त्याच्या गाण्यावर पाय दिल्यासारखं होतं. मी तो कधी दिला नाही. पण जिथे चालतं तिथेही नको म्हणणाऱ्यांशी माझं आयुष्यभर वाजलं आणि अजून वाजतंच आहे.

आमच्या धंद्यातलं सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक म्हणजे नवरीचा मामा. जेवणं उरकली की तो स्टेजवर चढणारच. “एक गानं म्हनू द्या ना भाऊ.” नाही म्हणायची सोय नसते. हिंगणघाटच्या एका लग्नात असाच एक मामा आला. त्याला विचारलं, पट्टी कोणती? म्हणजे तुमचा सा कुठला, काळी एक की पांढरी चार? तो म्हणाला, “कोनतीबी लावा.” लावली. पहिलं कडवं त्यानं त्या पट्टीत म्हटलं, दुसऱ्यात तो हळूच एक पट्टी वर सरकला, तिसऱ्यात आणखी वर. कीबोर्डला एक बटण असतं, दाबलं की सगळा बाजा एक पट्टी वर किंवा खाली सरकतो. मी मामाच्या मागोमाग ते बटण दाबत राहिले आणि बबलूभाऊ कपाळाला आठ्या घालून गिटारवरची बोटं सरकवत राहिले. गाणं सुखरूप पार पडलं. टाळ्या झाल्या. मामा खाली उतरताना माझ्याजवळ आला आणि मोठ्या मनानं म्हणाला, “बाकी ठीक होते ताई, पन तुमचा बाजा मधामधात चढून राह्यलता.”

हसते आता. पण तेव्हाही मला तो मामा आवडला होता. त्याला त्याच्या गळ्यात जागा हवी होती आणि आम्ही ती सरकवत नेली. आता लग्नात कुणी ऑर्केस्ट्रा बोलवत नाही. लॅपटॉपवर ट्रॅक लावतात आणि त्यावर गातात. ट्रॅक कुणासाठी सरकत नाही. मामा चढला तर एका कडव्यात त्याचं हसं होतं आणि पुढच्या लग्नात तो स्टेजकडे फिरकत नाही. मला याचं वाईट वाटतं. ऑर्केस्ट्रा गेल्याचं वाटतंच, पण मामा गप्प झाल्याचं जास्त वाटतं.

गप्प झालेल्यांवरूनच सुमनची गोष्ट सांगायची आहे.

ऑर्केस्ट्रा संपल्यावर आमच्या भागातल्या महिला भजन मंडळाच्या पद्माताई घरी आल्या. त्यांची पेटीवाली मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली होती, म्हणून पेटीवर मी बसू लागले. पद्माताई निवृत्त शिक्षिका, मंडळाच्या प्रमुख, आवाज खणखणीत आणि उंच. पट्टी काळी पाच. म्हणजे बायकांच्या मानानंही वरचीच. प्रमुखाची पट्टी ती सगळ्यांची पट्टी, असा भजन मंडळांचा शिरस्ता आहे. बाकीच्यांनी ताणून पोचायचं. ज्यांना पोचता येत नाही त्यांच्यासाठीही एक शिरस्ता आहे, पण तो कुणी मोठ्यानं सांगत नाही. त्यांनी टाळ वाजवायचा, साडी सगळ्यांसारखी नेसायची आणि नुसतं तोंड हलवायचं. बघा कधी भजनाला गेलात तर. मागच्या रांगेत तोंड हलवणाऱ्या दोघी-तिघी सापडतातच.

आमच्या मंडळात ती सुमन होती. माहेर आष्टीचं, सासर इथलं, सेवाग्रामला दवाखान्यात कामाला जायची. अंगानं दणकट, हसरी, आणि टाळ असा की घड्याळ लावून घ्यावं. गळ्यातून मात्र हूं की चूं नाही. मला वाटलं, लाजते.

एका दुपारी देवळाच्या सभागृहात तालीम चालली होती. सुमनला ड्युटीवर जायचं होतं म्हणून ती मागे सतरंज्यांच्या घड्या करत होती. बाकीच्या गात होत्या. आणि मला खालून काहीतरी ऐकू आलं. जाड, सपाट, हळू आवाज. घड्या करता करता ती स्वतःशीच गात होती. चाल वरच्या सा ला पोचली की हिला तिथे पोचता येत नव्हतं, ती खाली प वर थांबायची. नुसती एका जागी बसली असती तर म्हटलं असतं, आळस. पण बाकीच्या आणखी वर, म वर गेल्या की ही प सोडून ध वर सरकायची. आणि त्या परतल्या की हीसुद्धा परत प वर.

माझा भाता चालवणारा हात थांबला. ती बेसूर नव्हती. मी जी कॉर्ड धरली होती, तिच्यातलीच पट्टी ती प्रत्येक वेळी अचूक उचलत होती. कुणी शिकवलं नव्हतं. तिला ते माहीतही नव्हतं.

तालीम संपल्यावर तिला पेटीजवळ बसवलं. “सुमन, मी तीन पट्ट्या दाबते. मग एक सोडते. सोडलेली तू गा.”

“अवं मॅडम, मले नाई येत गायले. माहा आवाज भसाडा हाये.”

“कोण म्हणतं?”

“सारेच म्हनतात. शाळेत प्रार्थनेच्या रांगेतून बाईनं बाहेर काढलंतं मले. घरी दादा म्हने, सुमी गायली का म्हैस हंबरते. मंग मीच बंद केलं.”

हे तिनं हसत हसत सांगितलं. हसताना टाळाची दोरी बोटाला गुंडाळत होती. मला इतका संताप आला की शाळेची ती बाई समोर असती तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. मी तीन पट्ट्या दाबल्या आणि खालच्या प वरचं बोट उचललं. कॉर्ड पोकळ झाली. सुमननं जरा वेळ वाट पाहिली, डोळे मिटले आणि तो प गायला. पोकळी भरली. दुसरी कॉर्ड दाबली, त्यातलंही खालचं बोट काढलं. तिनं तेही भरलं. तिसरीतही.

“आयक,” मी म्हटलं. मी चिडले किंवा फार खूश झाले की तोंडून ‘ऐक’चं असंच ‘आयक’ होतं. “आयक, पोरी. तू चुकत नाहीस. तू खालचा सूर गातेस. जगात लोक हे शिकायला फी भरतात.”

मी थट्टा तर करत नाही ना, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “मंग मले एकडाव आष्टीले गायचं हाये, मॅडम. दादासमोर.”

आष्टीला तालुक्याच्या भजन मंडळांची स्पर्धा व्हायची आणि बाहेरच्या मंडळांनाही बोलावत. आमचं मंडळ दरवर्षी जायचं. दरवर्षी सुमन आपल्या माहेरच्या गावात, आपल्या भावाच्या पुढ्यात उभी राहून तोंड हलवून यायची. हे कळल्यावर मी ठरवलं की या वर्षी ही बाई गाणार. मग बक्षीस गेलं चुलीत.

पद्माताईंना बक्षीस चुलीत घालायचं नव्हतं. त्यांचंही चूक नव्हतं, त्यांनी मंडळ शून्यातून उभं केलेलं. त्या मला म्हणाल्या, “कुंदाताई, तुमचं ऑर्केस्ट्राचं इथे नका आणू. परीक्षक काय म्हणतील?”

“ऐकून तर बघा.”

“ऐकलं. छान वाटतं. पण छान वाटणं वेगळं आणि सुराचे गुण वेगळे.”

“मग मी पेटी वाजवत नाही. शोधा दुसरी.”

बाकीच्या बायका आमच्या दोघींकडे आलटून पालटून बघत होत्या. सुमन म्हणाली, “जाऊ द्या ना मॅडम, मी हलवतो ना तोंड.” ते ऐकून पद्माताई सुमनकडे वळल्या. मग एवढंच म्हणाल्या, “पहिल्या रांगेत नको. मागून गाऊ दे.” मी तेवढ्यावर राजी झाले, आणि त्याचा राग मला अजून येतो.

आष्टीला बाजारचा दिवस नव्हता तरी गर्दी होती. मंडपात पुढच्या खुर्च्यांवर सुमनचा भाऊ, वहिनी, भाचे असे सगळे ओळीनं बसलेले. भावानं लांबूनच हात केला, “सुमे, टाळ जोरात वाजव बरं!” सुमनचा चेहरा पांढरा पडला. आमचा नंबर आला. पहिल्या कडव्यात ती गायलीच नाही. मी पेटीवरून मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि उजव्या हाताचं खालचं बोट पट्टीवरून उचललं. कॉर्ड पोकळ झाली. ती पोकळी तिच्यानं सहन होईना. दुसऱ्या कडव्याला खालून तिचा आवाज आला, आधी बारीक, मग भरून. वर पद्माताईंचा खणखणीत सूर, खाली हिचा जाड. माझ्या अंगावर काटा आला. मंडपात कुजबुज झाली. चांगली की वाईट, ते कळलं नाही.

निकाल सांगताना परीक्षक माइकवर म्हणाले, “एक मंडळ दोन सुरांत गायलं. चूक एकीचीच असेल, पण सुराचे गुण देता आले नाहीत.” नाव घेतलं नाही. गरजच नव्हती, सगळे आमच्याकडेच बघत होते.

मी सरळ त्यांच्या टेबलाशी गेले. वयानं ते माझ्याच जोडीचे, बोलायला सौम्य.

“सर, चूक नव्हती ती. ठरवून गायलो.”

“मग ती ठरवून केलेली चूक आहे, बाई. आपलं गाणं एका सुराचं.”

“तंबोऱ्यात प आणि सा एकत्र घुमतात. ते चालतं?”

“तंबोरा एका जागी राहतो, म्हणून गाणाऱ्याला फिरता येतं. तुमच्या त्या बाई फिरतात.”

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. त्याचं उत्तर मला वर्धेला परतताना गाडीत सुचलं. फिरते, कारण तिलाही पाय आहेत. तुम्ही तिला तंबोऱ्यासारखं एका जागी उभं करून ठेवलं, तेवढंही नाही, तुम्ही तिच्या तारा काढून ठेवल्या. ते तिथे म्हणता आलं नाही, म्हणून इथे छापून टाकते. सर वाचत असतील तर वाचोत.

मी टेबलाकडून आमच्या मंडळाकडे परतले तर सुमन टाळ पिशवीत कोंबत होती. “सांगत होतो ना मॅडम,” एवढंच म्हणाली. हसली नाही. भाऊ खुर्चीतून उठून इकडेच येत होता.

तेवढ्यात माइकवरून शेवटच्या प्रार्थनेची घोषणा झाली. समारोपाला सगळी मंडळं एकत्र उभी राहून एक प्रार्थना म्हणतात, तिला गुण नसतात. बाकीच्यांच्या पेट्या बांधून झाल्या होत्या, आमची तेवढी उघडी होती, म्हणून मलाच बसवलं. शे-दीडशे बायका, लाल, हिरव्या, मोरपंखी साड्यांच्या रांगा. सुमन आमच्या रांगेच्या टोकाला, रिकाम्या हातांनी. मी भाता ओढला. प्रार्थना सुरू झाली. सुमनचं तोंड हलत होतं. नुसतंच.

पद्माताई रांगेतून निघाल्या. सुराचे गुण त्यांचे गेले होते, मंडळाची शोभा झाली होती, त्यांना रागवायचा पूर्ण हक्क होता. त्या सुमनजवळ गेल्या, दंडाला धरून तिला ओढत पुढे आणलं आणि पहिल्या रांगेत आपल्या शेजारी उभं केलं. मला त्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

“तोंड हलवू नको. गा.”

मी खालचं बोट उचललं. सुमन गायली. आणि या खेपेला तिनं काही हातचं राखलं नाही. एवढ्या बायकांच्या उंच आवाजाखाली तो सूर सतरंजीसारखा पसरला. दुसऱ्या ओळीला पार मागून, कुठल्याशा हिरव्या साड्यांतून, आणखी एक जाड आवाज खाली उतरला. कोण होती ती बाई, मला माहीत नाही. तीही वर्षानुवर्षं तोंड हलवत आली असणार. मला तिचा चेहरा दिसला नाही, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि दोन्ही हात पेटीवर होते.

प्रार्थना संपल्यावर सुमनचा भाऊ आला. म्हणाला, “सुमे, तो खालचा आवाज तुहा होता का?”

“हाव.”

“येगळाच लागला.”

“येगळाच हाये,” सुमन म्हणाली, आणि तिनं त्याच्या हातात टाळाची पिशवी दिली, गाडीपर्यंत धरायला.

यंदाच्या स्पर्धेचं बोलावणं फोनवरच आलं. आयोजक चांगले आहेत, संकोचत सांगत होते की परीक्षकांच्या म्हणण्यावरून एक नवा नियम केलाय, सर्वांनी एकाच सुरात गावं, नाहीतर मंडळ बाद. तुमचं कसं करायचं ताई, नाव लिहू की नको? फोन स्पीकरवर होता. तालीम चालली होती. मी पद्माताईंकडे पाहिलं, त्यांनी सुमनकडे. सुमन पहिल्या रांगेत बसली होती, आता ती तिथेच बसते.

पद्माताईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाल्या, “लिहा. आम्ही दोन सुरांत येतोय.”